'व्हॉर्टिकल' हा शब्द 'व्हर्टिकल'ची छपाईतली चूक आहे का? त्याचा अर्थ काय आणि तो कुठे वापरावा?

नाही, चूक नाही. विमानांवरच्या लेखात तुम्हाला जो 'व्हॉर्टिकल फ्लो' दिसला, तो तसाच लिहायचा होता. पण संशय येणं साहजिक आहे. मीही एकदा भाषांतर करताना त्याचा 'उभा प्रवाह' करून मोकळा झालो होतो आणि मग पंखाच्या टोकाशी हवा उभी कशी वाहील म्हणून डोकं खाजवत बसलो.

व्हॉर्टिकल म्हणजे भोवऱ्यासारखा फिरणारा. मूळ नाम व्हॉर्टेक्स, म्हणजे पाण्यातला किंवा हवेतला भोवरा. उडत्या विमानाच्या पंखाखाली दाब जास्त, वर कमी. त्यामुळे टोकाशी खालची हवा कड ओलांडून वर वळते आणि विमानामागे पिळासारखी गरगरत राहते. तुमच्या लेखातला प्रवाह हाच.

गंमत अशी की व्हर्टिकल खरोखरच त्याचा भाऊ आहे. 'वळणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून 'व्हर्टेक्स' आला. 'व्हॉर्टेक्स' हे त्याचंच दुसरं रूप. व्हर्टेक्स म्हणजे पाण्यातला भोवरा, आणि डोक्यावरचा केसांचा भोवराही. तिथून अर्थ सरकला माथ्याकडे, मग शिखराकडे, आणि त्यातून उभी दिशा सांगणारा व्हर्टिकल निघाला. मराठीत तर पाण्यातला, केसातला आणि दोरी गुंडाळून फिरवायचा, तिन्ही भोवरेच! चक्कर येण्याला इंग्रजीत व्हर्टिगो म्हणतात, तोही याच घरातला. आपली भोवळ आठवा.

संस्कृत 'आवर्त'सुद्धा याच कुळातला, पण भाषांतरात 'आवर्ती प्रवाह' लिहू नका. वाचणाऱ्याला आवर्ती दशांश आठवेल. 'भोवऱ्यांचा प्रवाह' किंवा 'भोवऱ्यासारखी गती' पुरे.

कथेत धुक्यासाठी वापरू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझं मत, नको. धुकं, धूर, वाळकी पानं यांना 'स्वर्लिंग', म्हणजे गरगरत फिरणारं, हा शब्द शोभतो. व्हॉर्टिकल प्रयोगशाळेतला शब्द आहे, गोष्टीत तो बूट घालून पाण्यात उतरल्यासारखा वाटतो. स्पायरलही वेगळा, तो मुख्यतः आकार सांगतो.

आणि प्रयोगशाळेत तो आणखी काटेकोर होतो. भरलेल्या बेसिनचं बूच काढा, भोवरा धरला की पाण्यावर काडेपेटीतली एक काडी सोडा. मध्यापासून दूर असेपर्यंत ती भोकाभोवती फेऱ्या मारते, पण तिचं टोक साधारण एकाच दिशेला राहतं. अगदी मध्याशी पोचली की मात्र स्वतःभोवतीच गरगरायला लागते. द्रवगतिकीवाले, म्हणजे पाणी-हवेच्या वाहण्याचा अभ्यास करणारे, काटेकोर अर्थाने व्हॉर्टिकल म्हणतात ते या मधल्या पाण्याला. बाहेरचं पाणी नुसतंच गोल जातं.