जुन्या वहीत पणजोबांच्या नावापुढे 'मानमोडी, सन 1328' असं का लिहिलंय?

मान मोडून गेले नाहीत ते, तापानं गेले. मानमोडी म्हणजे 1918 सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीचं आपल्याकडचं नाव. अंग असं दुखायचं की मान वर करवत नसे.

आता 1328 चं कोडं. मराठवाडा तेव्हा निजामाकडे, त्यामुळं वहीत फसली सन, म्हणजे सारावसुलीसाठीची कालगणना. त्यात 590 मिळवा: 1918. फक्त हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढची नोंद असेल तर 591. तुमच्याकडं महिना 'आजूर' दिलाय, तो त्या वर्षाचा पहिला महिना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर 1918. ऐन साथीतला!

या साथीनं तरणीताठी माणसं जास्त नेली, त्यामुळं पणजोबांचं तिशीतलं वयही जुळतं. माझी आजी सांगायची, 'एकाला पोचवून येईस्तोवर घरात दुसरं निजलेलं.' त्याच पानावर आठ-पंधरा दिवसांत आणखी नावं आहेत का, ते बघा.

पुढं 'गाठीचा ताप' दिसला तर प्लेग, 'पटकी' म्हणजे कॉलरा. 'देवी आल्या' तर माहीतच असेल. त्र्यंबकेश्वरच्या तुमच्या तीर्थोपाध्यायांची, म्हणजे घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांची वहीही पडताळा. तिथं कारण क्वचितच मिळतं, पण वारस कोण राहिले ते कळतं.