कोल्हापुरात काळ्या मातीवर लाल माती टाकून लॉन करावं का?

तुम्ही विचारलंय की फुलेवाडीच्या पुढं नवीन घर बांधलंय, समोर दीड गुंठा जागा मोकळी आहे, माती काळी, पावसाळ्यात नुसता चिखल होतो, आणि लॉन करून देणाऱ्या माणसानं तीन ट्रॉल्या लाल माती टाकून वर मेक्सिकन लॉन (बारीक पात्याचं, गालिच्यासारखं गवत) लावायला सांगितलंय, तर करू का.

नका करू. निदान या वर्षी तरी नकोच. मी हे कसबा बावड्यात स्वतःच्या अंगणात करून बसलोय म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आमच्याकडं पण असंच झालेलं, काळ्या मातीवर चार इंच लाल माती पसरली, वर गवताचे तयार तुकडे आणून बसवले, जूनमध्ये अंगण इतकं सुंदर दिसायचं की शेजारचे फोटो काढायला यायचे. मग जुलैत आठ-दहा दिवस पाऊस थांबलाच नाही आणि गवतावर पाय ठेवला की पाणी वर यायला लागलं. आधी पिवळे पट्टे, मग तपकिरी, मग कुजल्याचा वास. दिवाळीपर्यंत अर्ध्या जागेत लॉन कमी आणि लव्हाळाच जास्त, कारण लव्हाळ्याच्या गाठी त्या लाल मातीतूनच आलेल्या. नुसता वरून खुरपला तर लव्हाळा परत फुटतो, खालची गाठ काढावी लागते, तर ते काम आई आणि मी दोन वर्षं करत होतो.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि एकदा फुगली की तिच्यातून पाणी खाली जायचा वेग फार कमी होतो, उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची लाल माती पाणी पटकन खाली सोडते, खालची काळी ते घेत नाही, मग पाणी दोन्हीच्या मध्ये अडकतं आणि गवताची मुळं नेमकी तिथंच असतात. त्यात नवीन घर असेल तर बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, गाड्या फिरून दगडासारखा झालेला थर, हे सगळं तुमच्या अंगणाखाली असणार. आमच्याकडं दीड फूट खणल्यावर सळीचे तुकडे पण निघाले.

बहीण आर. के. नगरला राहते, तिकडं माळ आहे, खाली मुरूम, पाणी अर्ध्या तासात गायब. तिला तेच लॉन छान जमलंय, फक्त उन्हाळ्यात पाणी घालून घालून बेजार होते. म्हणजे एकाच कोल्हापुरात दोन घरांचं गणित पूर्ण वेगळं, त्यामुळं दुसऱ्याचं अंगण बघून तसंच करायला जाऊ नका.

आता तुम्ही आधी काय करायचं ते सांगतो. अंगणात दोन-तीन ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा काढा, पाण्यानं भरा, जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते बघा. चार-पाच तासात उतरलं तर बरीच झाडं जगतील. दुसऱ्या दिवशी सकाळी पण पाणी दिसलं तर आधी निचऱ्याचं काम, मग झाडांचं. आणि जमलं तर एक अख्खा पावसाळा काहीही न लावता नुसतं बघा, पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, गच्चीचा पाईप कुठं ओततोय. वळवाच्या एका मोठ्या पावसात पण बरंच कळतं, छत्री घेऊन बाहेर जा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा.

गच्चीकडं लोक लक्षच देत नाहीत. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस धरला तर हजार स्क्वेअर फुटाच्या गच्चीवरून 90 हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं, आणि त्यातलं बहुतेक चार महिन्यांत. ते जर अंगणातच सोडलं असेल तर कुठलीही माती टाका, चिखल होणारच. पाईप आधी टाकीकडं किंवा गटारीकडं वळवा. घरापासून लांब जाणारा उतार द्या, दहा फुटाला सव्वा इंच पुरतो, आणि कंपाउंडच्या कडेनं फूटभर रुंद दीड फूट खोल चर काढून त्यात मोठी खडी भरा, चराचं तोंड गटारीत काढा. शेजाऱ्याच्या भिंतीत पाणी मुरू देऊ नका, त्यावरून आयुष्यभराची भांडणं होतात. शोषखड्डा खाली मुरूम लागला तरच कामाचा, नुसत्या काळ्या मातीत तो पावसाळाभर भरूनच राहतो. पंचगंगेला पूर आला की (राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43) सखल भागात गटारीचंच पाणी उलटं येतं, तुमची जागा पूररेषेच्या जवळ असेल तर महागाचं काहीच जमिनीत घालू नका.

माती बदलायची नाही, सुधारायची. लाल मातीचे पैसे चांगलं कुजलेलं शेणखत आणायला वापरा, वरच्या आठ-नऊ इंचात खणून मिसळा, पण ओल्या मातीत अजिबात कुदळ घालू नका, ढेकळं होतात आणि वाळली की विटा. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नाही अशी असताना काम करायचं, हे कुठलाही शेतकरी सांगेल. आणि आपल्याकडं उसाचं पाचट एवढं मिळतं, लोक जाळतात बिचारे, हंगामात कुणाकडून तरी ट्रॉलीभर आणा आणि झाडांखाली तीन-चार इंच पसरा. खोडाला चिकटवू नका, वाळवी बघत राहा. भेगा पडायच्या कमी होतात आणि पाणी निम्मं वाचतं असा माझा तरी अनुभव.

झाडांचं म्हणाल तर पाणी साचतं तिथं कर्दळ, अळू. चराच्या कडेला वाळा लावा, मुळं खोल जातात, माती धरून ठेवतो, पाण्यात पण तगतो आणि उन्हाळ्यात पण, शिवाय माठात घालायला घरचा वाळा. पपई, शेवगा, लिंबू, सोनचाफा यांना साचलेलं पाणी चालत नाही, माझ्या दोन पपया एकाच पावसाळ्यात बुडातून सडून आडव्या झाल्या. हीच झाडं दीड फूट उंचवट्यावर लावली की जगतात, आता माझा लिंबू तसाच आहे आणि भरपूर लागतोय. कंपाउंडला जास्वंद, तगर, कण्हेर (लहान पोरं असतील तर कण्हेर नको, विषारी आहे). सावलीला थोड्या अंतरावर बहावा किंवा ताम्हण. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ नको, भिंतीत आपोआप उगवलेला पिंपळ लहान असतानाच काढा. काळ्या मातीत मी जुलैत लावतच नाही, ऑगस्टच्या शेवटी पाऊस ओसरला की लावतो.

आणि हिरवं अंगण पाहिजेच असेल तर हरळी. हो, शेतकरी जिला शिव्या देतो तीच, गणपतीला दूर्वा वाहतो तीच. चिखल सोसते, उन्हाळ्यात वाळल्यासारखी दिसते आणि पहिल्या पावसात परत उठते. दीड गुंठ्याला रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर साडेसातशे लिटर होतं, मेक्सिकनचा तो लाड मार्च ते मे परवडतो का हे बायकोला आणि बोअरला विचारून बघा. पूर्ण दीड गुंठा तरी कशाला, पोरांना खेळायला दारासमोर तीनशे-चारशे स्क्वेअर फूट हरळी ठेवा, बाकी झाडं आणि पाचट. पेव्हर ब्लॉक फक्त गाडीपुरते.

खड्ड्याचं पाणी किती तासात उतरलं ते इथं खाली लिहा, कुठल्या कोपऱ्यात काय लावायचं ते त्यावरून सांगतो. तीन ट्रॉल्यांना तेवढं आजच नाही म्हणून कळवा, एकदा अंगणात ओतल्या की परत उचलायला दुप्पट पैसे जातात.