घराचा विमा: कंपनी 'नाही' का म्हणते?

प्रश्न: चिपळूणला बाजारपेठेजवळ आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, जांभ्याचं, वर कौलं. २०२१ च्या पुरात कमरेच्या वर पाणी होतं. गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूपच असतं, पुढची खोली एका दुकानदाराला भाड्याने दिलीय. दोन कंपन्यांनी विमा द्यायला नकार दिला. एक एजंट म्हणतो, "घरात कायम राहता असं लिहा, पॉलिसी काढून देतो." काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर: आधी एजंटचं बघू. तसं अजिबात लिहू नका! पॉलिसी मिळेल हो, हप्ताही जाईल, पण उद्या पूर आला की नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेयर येणार, शेजाऱ्यांना विचारणार, लाईटबिल मागणार, आणि वर्षभराची युनिटं बघितली की घरात कोण राहतं ते त्याला कळायला पाच मिनिटं पुरतात, मग खोटी माहिती दिली म्हणून क्लेम गेला, आणि तेव्हा एजंट काही फोन उचलणार नाही.

कौलांमुळे नकार दिला असं कोणी सांगितलं असेल तर ते पटत नाही. विम्याच्या भाषेत कच्चं बांधकाम म्हणजे गवत, झावळ्या, बांबू, ताडपत्री, लाकडी फळ्यांच्या भिंती वगैरे. जांभ्याची भिंत त्यात येत नाही. वासे-रीपांना वाळवी लागली असेल तर मात्र आधी ते काम करून घ्या, कारण वाळवीचं किंवा हळूहळू झिजण्याचं नुकसान कुठलीच पॉलिसी देत नाही.

पुराचा मुद्दा खरा आहे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे आणि त्यात आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूरही मुळातच धरलेला आहे. म्हणजे या पॉलिसीत वाशिष्ठी नदीच्या काठचं घर घ्यायचं तर कंपनीला पुरासकटच घ्यावं लागतं, मग काही जण सरळ नाही म्हणतात. घर निळ्या पूररेषेच्या आत (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) की निळ्या-लाल रेषांच्या मधे (लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा) हे नगरपरिषदेत विचारा आणि अर्जात २०२१ चं पाणी किती होतं ते स्पष्ट लिहा, लपवून उपयोग नाही, चिपळूणचा पूर सगळ्यांना माहितीये.

पण माझ्या मते तुमचं खरं घोडं कागदावर अडलंय. घर अजून आजोबांच्या नावावर आहे का? असेल तर विमा काढणारे तुम्ही कोण, हा प्रश्न कंपनी विचारणारच. वारसनोंद करा, घरपट्टीच्या उताऱ्यावर नावं चढवा, काका-आत्यांचा हिस्सा असेल तर सगळ्यांच्या नावाने अर्ज करा. (हो, त्यासाठी आधी सगळ्यांना एकत्र बसवावं लागेल, ते विम्यापेक्षा अवघड आहे, माहितीये.)

दुकानाची खोली घराच्या पॉलिसीत घुसवू नका, धंद्याच्या जागेचा विमा वेगळा असतो. कुलपाचंही तसंच, ३० दिवसांहून जास्त घर रिकामं राहणार असेल तर कंपनीची लेखी मंजुरी घ्यायची, ही अट आगीच्या पॉलिसींत जुनीच आहे. आणि रक्कम लिहिताना बाजारपेठेतल्या जागेचा भाव धरू नका, फक्त घर परत बांधायचा खर्च. घरातल्या साध्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं.

प्रश्न: मुंबईत आमची बिल्डिंग ४० वर्षांची आहे, फ्लॅटचा विमा मिळेल का?

उत्तर: वयामुळे दार बंद होत नाही. ३० वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकाम किती मजबूत आहे याची तपासणी) लागतंच, तो रिपोर्ट सेक्रेटरींकडून घ्या. सी-१ म्हणजे अतिधोकादायक शेरा असेल तर विम्याचा विषय सोडा आणि आधी राहायची दुसरी सोय बघा. फक्त दुरुस्ती सुचवली असेल तर ती करून घ्या आणि बिलं जपून ठेवा.