शार्त्रचे दोन मनोरे

प्रश्न : फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रल नुकतेच पाहिले. दर्शनी बाजूचे दोन मनोरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत, तरी सारी वास्तू गॉथिक म्हणवली जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलाही गॉथिकच म्हणतात. मग ही शैली ओळखायची कशी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मनोरे जुळत नाहीत, कारण त्यांच्या शिखरांत सुमारे साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे. समोरून पाहताना उजवीकडे दिसणारे साधे दगडी शिखर बाराव्या शतकातले आहे. डावीकडचे लाकडी शिखर १५०६ मध्ये वीज पडून जळाले आणि त्याच्या जागी जेहान द बोस याने, त्या काळच्या आवडीप्रमाणे, ज्वाळांसारख्या वळणांच्या नक्षीने भरलेले उंच शिखर उभारले. मला विचाराल तर जुनेच अधिक देखणे आहे.

मात्र शैली नक्षीवरून ओळखू जाल तर फसाल. छताचा भार कशावर तोलला आहे, ते आधी पाहावे. गॉथिकच्या आधीच्या रोमनेस्क वास्तूंत, उदाहरणार्थ जर्मनीतील श्पायरच्या कॅथीड्रलमध्ये, कमानी अर्धवर्तुळाकार असतात, आणि अशा कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच राहते. शिवाय दगडी छत भिंतींना बाहेर रेटते, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान ठेवाव्या लागत. टोकदार कमान रुंदी तीच ठेवून हवी तितकी उंच करता येते आणि तिचा बाजूंना होणारा रेटाही कमी असतो. ही कमान, छताखालच्या दगडी फासळ्या आणि उरलेला रेटा बाहेरच्या बाहेर झेलणारे कमानदार टेकू अशी तिन्ही साधने एकत्र आली, तेव्हा भिंतीचे ओझे उतरले आणि तिथे रंगीत काचा बसवता आल्या. पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात, मठाधिपती सुजे याच्या पुढाकाराने ११४४ मध्ये पूर्ण झालेल्या पूर्वेकडील भागात या शैलीचा आरंभ मानतात. शार्त्रची मुख्य वास्तू ११९४ च्या आगीनंतरची आहे. आत शिरल्यावर त्या निळ्या काचांतून झिरपणारा उजेड आपण पाहिलाच असेल. पुढे उंचीची चढाओढ लागली आणि बोव्हे येथे सुमारे ४८ मीटरवर चढवलेल्या छताचा काही भाग १२८४ मध्ये कोसळला.

‘गॉथिक’ हे नाव इटलीतल्या प्रबोधनकालीन मंडळींनी तुच्छतेने दिले. गॉथ टोळ्यांचा या बांधकामाशी संबंध नाही. त्या मंडळींनी प्राचीन रोमचे खांब, गोल कमानी आणि घुमट पुन्हा आणले. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलवर चढवलेला घुमट त्याच वळणावरचा.

मुंबईचे टर्मिनस एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे पुनरुज्जीवित गॉथिक आहे. टोकदार कमानी तिथेही दिसतील, पण मधोमध जो मोठा घुमट आहे, तसा शार्त्रला शोधून सापडणार नाही.