उत्तर तुझ्याच तोंडून यावे म्हणून

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुझे पत्र मिळाले. ऐरोलीची नोकरी सुरळीत चालली आहे, घरचे समाधानी आहेत, रविवारची उपासना चुकत नाही, आणि तरीही आपण आहोत तेथेच आहोत असे तुला वाटते, हे तू मोकळेपणाने लिहिलेस, याचा मला आनंद झाला. मैत्रिणीने तुला एका ख्रिस्ती लाइफ कोचचे नाव सुचवले आहे. पण प्रार्थना आहे, वचन आहे, पाळकसाहेब आहेत, मग बाहेरच्या माणसाला पैसे देऊन कशाला बोलायचे, असे तुझ्या आईचे म्हणणे आहे. आईची शंका रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

पाळक वचन शिकवतात आणि साऱ्या मंडळीची काळजी वाहतात. समुपदेशक मनाला झालेल्या जुन्या दुखापतींवर काम करतो. कोचचे काम या दोघांपेक्षा मर्यादित आहे. तो प्रश्न विचारतो, लक्ष देऊन ऐकतो, तू बोललेले तुझ्याचपुढे मांडतो, आणि तू स्वतः ठरवलेली गोष्ट झाली का, हे पुढच्या भेटीत विचारतो. ख्रिस्ती कोच हे सारे प्रार्थनापूर्वक करतो आणि समोरच्या व्यक्तीच्या जीवनात देव आधीपासूनच कार्य करीत आहे, हे गृहीत धरून करतो. त्यामुळे प्रार्थनेची किंवा पाळकांची जागा तो घेत नाही, घेऊही नये. प्रार्थनेत तू देवाला जे सांगतेस, त्यातले नेमके काय करण्याची तुझी तयारी आहे, हे स्वतःशी कबूल करण्यासाठी मात्र तो सोबत देऊ शकतो.

असे प्रश्न विचारणे आपल्या विश्वासाला परके आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला शुभवर्तमान पुन्हा वाचायला सांग. आंधळा बार्तीमय रस्त्याकडेला बसून ओरडत होता आणि त्याला काय हवे होते, हे कोणालाही दिसत होते. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावून विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षे आजारी असलेल्या माणसाला त्याने विचारले की, तुला बरे व्हायचे आहे काय? त्या माणसाने ‘हो’ म्हटले नाही. मला तळ्यात सोडायला कोणी नाही, दुसराच माझ्याआधी उतरतो, अशी कारणे सांगितली. हा भाग वाचताना मी नेहमी थांबते, कारण तुझ्या वयाच्या मुलामुलींशी बोलताना मला हेच उत्तर वारंवार ऐकू येते: वरिष्ठ ऐकत नाहीत, घरचे परवानगी देत नाहीत, वेळच मिळत नाही. ही कारणे बहुधा खरीच असतात. पण इच्छेविषयी विचारलेला प्रश्न त्यांच्यामागे तसाच उभा राहतो, आणि त्याच्याकडे पुन्हा वळवणारे कोणी असले तर माणूस हलू लागतो.

व्यवसाय म्हणून लाइफ कोचिंग अलीकडचे आहे. या क्षेत्रातील सर्वांत परिचित जागतिक संस्था, इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन, 1995 मध्ये सुरू झाली. आणि ध्येय काय, आजची स्थिती काय, पर्याय कोणते, आणि यातले तू नक्की काय करणार, हा ब्रिटिश कोच जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेला प्रश्नांचा क्रम आज पुष्कळ कोच वापरतात. परंतु त्यामागची शिस्त मंडळीला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या आध्यात्मिक साधनांना 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली, त्यांत साधना देणाऱ्याला अशी सूचना आहे की, साधकाला त्याने कोणत्याही एका निर्णयाकडे झुकवू नये; तराजूच्या काट्याप्रमाणे मध्ये राहावे आणि निर्माणकर्ता व त्याची निर्मिती यांना थेट एकमेकांशी व्यवहार करू द्यावा. चांगला ख्रिस्ती कोच ओळखण्यासाठी याहून नेमकी कसोटी मला माहीत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका मुलाच्या परवानगीने लिहिते. नोकरी सांभाळून मंडळीत पुष्कळ काम करणारा हा तरुण, प्रार्थनेत मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे आला. आम्ही ठाण्याच्या तलावपाळीला एका बाकावर बसलो होतो. मी त्याला एवढेच म्हणाले की, मागच्या रविवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलेस, ते क्रमाने सांग. गायकवृंदाचा सराव, लहान मुलांचा वर्ग, उपासनेत साउंड सिस्टिम, दुपारी तरुण संघाची सभा, संध्याकाळी आजाऱ्यांच्या भेटी, असे सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला. यातले कोणते काम तू आपणहून मागून घेतलेस, असे विचारल्यावर तो बराच वेळ हातातल्या स्टीलच्या बाटलीचे झाकण लावत आणि काढत राहिला. मग म्हणाला, “एकच, मुलांचा वर्ग. बाकीच्यांना मला नाही म्हणता आले नाही. मंडळीच्या कामाला नाही म्हटले, तर देवालाच नाही म्हटल्यासारखे वाटते.”

सल्ला द्यायचा असता तर मुलांचा वर्ग सोड, असेच मी सांगितले असते, कारण सर्वांत जास्त तयारी त्यालाच लागते. मी तसे सांगितले नाही. पाळकसाहेबांशी बोलायचे झाले तर तुझे पहिले वाक्य काय असेल, एवढेच विचारले. त्याने ते मोठ्याने म्हणून पाहिले, त्यातली क्षमायाचना काढून टाकली आणि पुन्हा म्हटले. पुढच्या भेटीपर्यंत साउंडचे काम दोन मुलांनी वाटून घेतले होते, गायकवृंदातून त्याने काही महिने सुट्टी मागितली होती, आणि मुलांचा वर्ग त्याने ठेवला होता. तेवढ्याने प्रार्थनेत लगेच मन लागले, असे तो म्हणाला नाही. रविवारी रात्री रडू येत नाही, एवढेच म्हणाला. मला ती वाढ वाटते. निर्णय त्याचा होता, म्हणूनच तो टिकला.

आपल्या मराठी मंडळीला याचे महत्त्व सांगावे लागू नये. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो घेतला सुमारे पाच वर्षांनी, स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. माणसाला त्याचा वेळ देणे ही विश्वासातील ढिलाई नव्हे.

आता मर्यादांविषयी. कोचिंग हे औषध नाही. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली, मला मरण येवो, असे म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले, “तू येथे काय करतोस?” हा देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगराला पोहोचल्यावर आला. म्हणून झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कोचकडे जाऊ नकोस, डॉक्टरांकडे जा; सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि ठाण्यातच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तेथे जाण्याने विश्वास कमी ठरतो, असे सांगणाऱ्याचे ऐकू नकोस. घरात मारहाण किंवा कामावर छळ होत असेल, तर तेथेही ध्येय ठरवण्याच्या गप्पा उपयोगाच्या नाहीत. तेथे संरक्षण हवे.

कोचची निवड फार जपून कर. आपल्या देशात कोणीही उद्यापासून स्वतःला लाइफ कोच म्हणवू शकतो. त्यासाठी कायद्याने परवाना लागत नाही. म्हणून प्रशिक्षण कोठे झाले, हे विचारायला संकोच करू नकोस. फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही किमान 60 तासांचे प्रशिक्षण आणि 100 तासांच्या प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो, त्यावरून तुला अंदाज येईल. फी, सेशनची वेळ आणि किती भेटींनंतर थांबायचे, हे आधीच लेखी ठरव. शक्यतो आपल्या मंडळीतली किंवा नात्यातली व्यक्ती नको. आपली मंडळी लहान, अर्ध्या ओळखी सोयरिकीच्या. तू ठाण्यात बोललेले वाशीला तुझ्या मामींच्या कानावर जाईल, ही भीती मनात असेल तर तू खरे बोलणारच नाहीस. भेट मंडळीच्या सभागृहात किंवा चारचौघांच्या जागी व्हावी.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. “देवाने मला तुझ्याबद्दल दाखवले आहे, तू हे लग्न कर, ही नोकरी सोड,” असे जो कोच म्हणेल, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस, मग तो कितीही सुंदर प्रार्थना करो. बढती आणि फ्लॅट यांची हमी वचनाच्या आधारे देणाऱ्याकडेही नको. तुझ्या वतीने देवाचा आवाज ऐकण्याचा अधिकार कोणी मागू लागला, तर तुझी वाढ तेथेच खुंटते, आणि अशा बंधनातून बाहेर पडायला तरुणांना किती त्रास होतो, हे मी जवळून पाहिले आहे.

पहिल्या भेटीआधी एका संध्याकाळी वही घेऊन बस आणि तुझ्या पत्रातल्या त्या वाक्याचा नीट विचार कर: आपण कोठेच पुढे सरकलो नाही, असे तू म्हणतेस, पण सरकायचे होते ते कोणाच्या मते? बहिणीच्या शिक्षणाचा खर्च, लग्नाचा विषय, आणि नर्सिंग शिकण्याची जी इच्छा तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलीस, यांतले काय तुझे आणि काय इतरांचे, हे वेगवेगळे लिही. त्या एका ओळीबद्दल मला स्वतःला पुष्कळ विचारायचे आहे, पण ते मी तुझ्या कोचसाठी राखून ठेवते. आईलाही हे पत्र वाचायला दे. तिची शंका उरलीच, तर उपासनेनंतर दोघी घरी या, आपण जेवता जेवता बोलू. भेटीची तारीख ठरली की कळव. त्या दिवशी मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.

ख्रिस्तात तुझी,
मावशी
ठाणे