कॅमेरा धरायला माणूस मिळत नाही, तर लॅपरोस्कोपीसाठी रोबोटिक हात घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: तालुक्याच्या गावात छोटं हॉस्पिटल, पित्ताशय आणि हर्नियाच्या दुर्बिणीच्या केसेस नियमित होतात, पण कॅमेरा धरायला शिकवलेला माणूस टिकत नाही. रोबोटिक हात घेतला तर एकट्याने भागेल का?

कॅमेऱ्यापुरतं भागेल. एकट्याने भागेलच असं नाही. पित्ताशयाच्या केसमध्ये फंडस (पित्ताशयाचं टोक) वर खांद्याच्या दिशेला ओढून धरायला कुणीतरी लागतंच. इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाच्या टॅपमध्ये (TAPP, म्हणजे पोटाच्या आतून जाळी बसवायची दुर्बिणीची पद्धत) मात्र दोन्ही हत्यारं सर्जनच्याच हातात असतात, कामाची जागा एकच असते, तिथे या हाताचा खरा उपयोग. मोठ्या आतड्यासारख्या केसमध्ये पोटाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जावं लागतं, तिथे तो अडचणच होतो.

'रोबोट' म्हटलं की लोकांना तो ऑपरेशन करतो असं वाटतं. हा करत नाही. दुर्बीण डावी-उजवी, वर-खाली, आत-बाहेर, एवढंच. ३० अंशांची दुर्बीण स्वतःभोवती फिरवायची तर बहुतेक यंत्रांत ते हातानेच. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर मोशन कंपनीच्या एसॉप या हाताला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली. आधी तो पायाने-हाताने चाले, मग आवाजाने. त्यासाठी प्रत्येक सर्जनच्या आवाजाचं वेगळं कार्ड रेकॉर्ड करावं लागे. ब्रिटिश एंडोअसिस्ट हा हात सर्जनच्या डोक्याच्या हालचालीवर चाले, पण पेडल दाबलेलं असेपर्यंतच. नाहीतर सिस्टरकडे वळून बोललात तरी चित्र हललं असतं. जर्मन सोलोअसिस्टला हत्याराच्या मुठीवर बसणारी जॉयस्टिक. माझा कल जॉयस्टिककडे. कॉटरीचं (विजेने कापण्या-जाळण्याच्या हत्याराचं) पेडल पायाखाली असतंच, त्यात आणखी एक आलं की पाय चुकतो.

विकत घेताना सगळे कंट्रोल बघतात, पण बघायचा असतो तो पिव्हट, म्हणजे दुर्बीण ज्या बिंदूभोवती फिरते तो. दुर्बीण पोटाच्या भिंतीत जिथून जाते त्याच बिंदूभोवती ती फिरली पाहिजे. यंत्राने धरलेला बिंदू आणि खरा बिंदू यांत एक-दीड सेंटिमीटरचा फरक पडला, की प्रत्येक हालचालीला ट्रोकार (दुर्बीण ज्यातून आत जाते ती नळी) भिंत ताणतो, पोर्टभोवती (ट्रोकारच्या छिद्राभोवती) गॅस गळू लागतो आणि नंतर रुग्णाचं बेंबीपाशी दुखतं. एसॉपच्या मनगटाजवळच्या दोन सांध्यांना मोटर नव्हती, ते मोकळे फिरत, त्यामुळे ट्रोकार आपली जागा आपण शोधे. फ्रेंच 'विकी' (ViKY) या यंत्राचं कडं ट्रोकारभोवती त्वचेवरच बसे. बाकी यंत्रांत बिंदू तुम्हीच दाखवून द्यायचा असतो, आणि इथेच घाई होते.

म्हणून क्रम पाळा. आधी पोट गॅसने १२ ते १४ मिमी पाऱ्याच्या दाबापर्यंत फुगवा. मग टेबल हवं तसं कलवा. पित्ताशयाला डोकं वर आणि डावीकडे कल. भूलतज्ज्ञांना विचारून ते तिथेच ठेवा. त्यानंतर बिंदू दाखवा आणि दुर्बीण जोडा. मध्येच दाब ८ वर आणला तर भिंत खाली बसते, बिंदू पुन्हा दाखवावा लागतो. हात टेबलाच्या रेलला क्लॅम्प केलेला असेल तर टेबलाबरोबर कलतो. जमिनीवर उभा असेल तर टेबल हलवण्याआधी दुर्बीण बाहेर काढायलाच हवी. यात सूट नाही.

लाइट केबल आणि कॅमेरा केबल लोंबत सोडू नका. त्यांच्या वजनाने कॅमेरा हेड हळूहळू फिरतं, चित्राचं क्षितिज तिरकं होतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन्ही केबल ड्रेपला (रुग्णावरच्या निर्जंतुक कापडाला) क्लिप करा, थोडी ढील ठेवून.

यंत्राचा हात थरथरत नाही, थकत नाही. पण लेन्सवर धुकं धरलं किंवा रक्त उडालं तर त्याला कळत नाही. कॅमेरा पोर्टमधूनच गॅस सोडत असाल तर थंड कोरडा गॅस लेन्सवरूनच जातो. नळी दुसऱ्या पोर्टला लावा. दुर्बीण थर्मासमधल्या गरम सलाइनमध्ये बुडवून, पुसून मगच घाला. लेन्स पुसूनही आत घालताच पुन्हा खराब होत असेल तर ट्रोकारच्या आत रक्त साचलंय: काडीला गॉज गुंडाळून तो आतून पुसा. हे सगळं करायला कुणीतरी स्टराइल माणूस लागतोच, तो हिशेबात धरा.

अजून एक. चित्र छान स्थिर असलं की सर्जन जवळ जाऊन तिथेच राहतो आणि हुकचा (कॉटरीच्या आकड्यासारख्या हत्याराचा) मागचा भाग चौकटीबाहेर आतड्याला टेकलेला दिसत नाही. कॉटरी चालू करण्याआधी आणि हत्यार बदलताना दुर्बीण मागे घ्या. माणूस हे न सांगता करतो, यंत्राला सांगावं लागतं.

डेमोला कंपनीचा माणूस गुळगुळीत हालचाली दाखवेल. तुम्ही त्याला सांगा: दुर्बीण काढ, पूस, परत त्याच दृश्यावर आण. घड्याळ लावून बघा. मग प्लग काढायला लावा आणि हात अडकतो की हाताने सुटतो ते पाहा. जोरात रक्तस्राव झाला तर दुर्बीण एका हाताने, काही सेकंदांत मोकळी व्हायला हवी. दर केसला लागणारी स्टराइल स्लीव्ह (हातावर चढवायचं निर्जंतुक आवरण) किती रुपयांची आणि किती दिवसांत येते तेही लेखी घ्या. केसेस कमी असतील तर आधी बिनमोटरचा, टेबलाला लागणारा साधा होल्डर वापरून बघा. टॅपसाठी पुष्कळदा तेवढाच पुरतो.