कार्बन क्रेडिट म्हणजे पैसे भरून धूर सोडायची मुभा आहे का?

प्रश्न असा आहे: ‘सरकार कार्बनचा बाजार आणतंय. ज्याच्याकडे पैसा आहे तो क्रेडिट विकत घेणार आणि धूर सोडत राहणार. त्यापेक्षा सरळ बंदी का नाही? माझा धाकटा भाऊ बडोद्याजवळ नंदेसरीला केमिकल कंपनीत आहे, त्यांच्यावर याचा काही परिणाम होईल का?’

तुमचा राग रास्त आहे. मी बडोद्याचाच. कारखान्यांचं एनर्जी ऑडिट (ऊर्जा कुठे किती वाया जाते याची तपासणी) करतो, त्यामुळे नंदेसरी, मकरपुरा, पादरा, हालोल या भागांत कायम फिरणं असतं. तुमचाच प्रश्न मला दांडिया बाजारातल्या आमच्या घरीही विचारला जातो. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका तर दर गणपतीत आरतीनंतर हाच विषय काढतात. त्यांना सांगतो तेच तुम्हाला सांगतो. बाजार चालतो, पण एकूण उत्सर्जनावर पक्की मर्यादा हवी आणि मोजणाऱ्याचा पगार कारखानदाराच्या खिशातून जाता कामा नये. यातली एक जरी अट सुटली तरी तुमची शंका शंभर टक्के खरी ठरते.

एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड कमी सोडल्याचा दाखला; ज्याने जास्त कमी केला तो विकतो, ज्याला जमलं नाही तो घेतो. आधी असा बाजार हवाच कशाला ते पाहू. समजा दोन कारखाने आहेत. एकाचा बॉयलर जुना आहे. नळ्यांवरचं इन्सुलेशन गळून पडलंय, कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं गरम पाणी) परत न घेता गटारात सोडलं जातं. तिथे एक टन कार्बन डायऑक्साइड कमी करायला समजा ५०० रुपये लागतील. दुसऱ्याने हे सगळं कधीच करून ठेवलंय; त्याला आणखी एक टन कमी करायचं तर भट्टीच बदलावी लागेल, म्हणजे समजा ५,००० रुपये. सरकारने दोघांना ‘दहा-दहा टन कमी करा’ असा हुकूम काढला तर ५५,००० रुपये खर्च होतील. पहिल्याने वीस टन कमी केले आणि दुसऱ्याने त्याला त्याचे पैसे दिले तर काम १०,००० रुपयांत होतं. हवेत जाणारा वायू दोन्ही वेळा सारखाच कमी झाला. कार्बन डायऑक्साइड नंदेसरीतून गेला काय नि पादऱ्यातून गेला काय, वातावरणाला फरक पडत नाही. (धूळ, गंधकाचे वायू, क्लोरिन यांचं तसं नाही. ते जिथे सुटतात तिथल्याच माणसांच्या छातीत जातात, म्हणून त्यांच्यासाठी स्थानिक मर्यादा वेगळी लागतेच.)

हे गणित कागदावर फार देखणं दिसतं. गोची आहे ती ‘वीस टन कमी केले’ हे कोण म्हणतंय त्यात.

आपल्या गुजरातेत १९९६ पासून हायकोर्टाच्या आदेशामुळे प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांचं बाहेरच्या ऑडिटरकडून ऑडिट होतं. मात्र तेव्हा ऑडिटर कारखानदारच निवडत असे आणि पैसेही तोच देत असे. काही अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला बरोबर घेऊन अहमदाबाद आणि सुरतेच्या कारखान्यांत याची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. धुळीची मर्यादा ओलांडणारे कारखाने ऑडिटरांच्या कागदावर फक्त ७ टक्के होते. स्वतंत्रपणे फेरमोजणी केली तेव्हा ते ५९ टक्के निघाले! बहुतेक आकडे मर्यादेच्या अगदी किंचित खाली, एका रांगेत बसवलेले. मग काही कारखान्यांत पद्धत बदलली. ऑडिटर चिठ्ठी टाकल्यासारखा नेमायचा, पैसे एका सामाईक निधीतून ठरलेल्या दराने द्यायचे, आणि अधूनमधून त्याची मोजणी दुसऱ्याने तपासायची. खोटे आकडे खूपच कमी झाले, आणि पुढे त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. माणसं फारशी बदलली नव्हती. पैसे कोणाकडून येतात एवढंच बदललं होतं.

हे वाचून मला नवल वाटलं नाही. एका कारखान्यात मी चिमणी पाहायला गेलो तर सँपल घ्यायच्या भोकापर्यंत जायला शिडीच नव्हती, नुसते गंजलेले अँगल उरले होते. ऑफिसात फाइल उघडली तर स्टॅक मॉनिटरिंगचे, म्हणजे चिमणीतला धूर मोजल्याचे, सगळे रिपोर्ट जागच्या जागी, सह्या-शिक्क्यांसकट. त्या कागदांवर उद्या कार्बनचा सौदा झाला तर काय विकलं जाईल, याचा विचार करून माझी खरंच झोप उडते.

आता याची दुसरी बाजू, आणि तीही गुजरातेतलीच. सुरतेत २०१९ मध्ये धुळीच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला, जगातला अशा प्रकारचा पहिला. बहुतेक कापडाच्या प्रोसेसिंगचे असे तीनशेवर कारखाने, प्रत्येकाच्या चिमणीवर सतत मोजणारं यंत्र, आणि बाजारात घेतलेल्या सगळ्यांच्या एकत्रित धुळीवर एक ठरावीक मर्यादा. त्या मर्यादेइतकेच परवाने. ज्याची धूळ जास्त त्याने परवाने विकत घ्यायचे, आणि परवान्याशिवाय सोडली तर आधीच भरून ठेवलेल्या अनामत रकमेतून पैसे कापले जायचे. कोणते कारखाने बाजारात आणि कोणते जुन्याच नियमांखाली हे चिठ्ठीने ठरलं होतं, त्यामुळे तुलना चोख झाली. बाजारातल्या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी घटली आणि जवळजवळ सगळ्यांनी आपल्या धुळीइतके परवाने जमा केले. जुन्या नियमांत तर तुरुंगाची भीतीही होती, पण ती कोणाला खरी वाटत नसे. छोटा पण हमखास कापला जाणारा पैसा मोठ्या आणि कधीच न होणाऱ्या शिक्षेपेक्षा जास्त कामाला आला.

तुम्ही ‘सरळ बंदी’ म्हणता त्यासाठी मात्र बडोद्याहून पंचमहालात जावं लागेल, घोघंबा तालुक्यातल्या रणजितनगरला. तिथे एसीत वापरला जाणारा आर-२२ वायू तयार होतो. तो बनवताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा एक वायू आपोआप निघतो. वातावरण तापवण्यात त्याचा एक टन तेव्हाच्या हिशेबाने ११,७०० टन कार्बन डायऑक्साइडइतका. तो भट्टीत जाळून टाकायचा गुजरात फ्लोरोकेमिकल्सचा प्रकल्प २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली (विकसनशील देशांत उत्सर्जन घटवून त्याची क्रेडिट श्रीमंत देशांना विकायची सोय) नोंदला गेला. या यंत्रणेतल्या अगदी सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी हा एक. एक टन जाळा, ११,७०० क्रेडिट घ्या, आणि ते युरोपातल्या कंपन्यांना विका. जाळायचा खर्च त्यापुढे किरकोळ. चीनमध्ये असे कारखाने आणखी जास्त होते. थोड्याच वर्षांत अभ्यासकांनी दाखवून दिलं की आर-२२ विकून मिळतात त्याहून जास्त पैसे त्याच्या टाकाऊ वायूतून मिळतायत. म्हणजे टाकाऊ वायू जितका जास्त निघेल तितका नफा. काही कारखाने क्रेडिटसाठीच उत्पादन फुगवतात की काय, अशी शंका २०१० मध्ये उघडपणे घेतली गेली, आणि मे २०१३ पासून युरोपने हे क्रेडिट स्वीकारणंच थांबवलं.

मग ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या सरकारने आर-२२ बनवणाऱ्या पाचही कंपन्यांना आदेश दिला: एचएफसी-२३ स्वखर्चाने जाळा. क्रेडिट नाही, नुकसानभरपाई नाही. प्रश्न मिटला.

म्हणून मी बाजाराचा भक्त नाही. जिथे कारखाने हातावर मोजण्याइतके आहेत, उपाय एकच आहे आणि स्वस्त आहे, तिथे हुकूम काढावा. बाजाराच्या नादी लागूच नये. जिथे शेकडो कारखाने आहेत आणि प्रत्येकाचा खर्च वेगळा, कुठे काय करता येईल हे गांधीनगरच्या किंवा दिल्लीच्या साहेबांना टेबलावरून कळणं शक्य नाही, तिथे किंमत लावावी. नंदेसरीत एका गल्लीतल्या चार बॉयलरांची तब्येत चार तऱ्हेची असते, हे मी रोज पाहतो. त्या चारींना एकच नियम लावला की दोघे कोर्टात जातात आणि दोघे कागद रंगवतात.

मर्यादेचा धडा युरोपने दिला. त्यांचा बाजार २००५ मध्ये सुरू झाला. पहिल्या टप्प्यात परवाने इतके वाटले गेले की २००७ मध्ये किंमत जवळजवळ शून्यावर आली. पुढे मंदीत कारखाने थंडावले, परवाने साचले, आणि किंमत कित्येक वर्षं टनामागे दहा युरोच्या खाली रेंगाळली. त्या काळात ‘बाजार फसला’ असं म्हणणारे बरोबरच होते. मग त्यांनी मर्यादा दरवर्षी जास्त वेगाने खाली आणली, आणि २०१९ पासून जादा परवाने बाजूला काढून ठेवायची सोय केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये किंमत शंभर युरोला पोचली. त्या बाजाराखालच्या वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन आज २००५ च्या निम्म्याजवळ आलंय. बाजार तोच होता, मर्यादा घट्ट झाली.

आता आपला बाजार. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा-क्लोरिन) या चार क्षेत्रांतल्या कारखान्यांना उद्दिष्टं मिळाली. रिफायनरी, पेट्रोकेमिकल आणि कापड यांच्यासाठीही २०२५ मध्येच मसुदा निघाला आणि जानेवारी २०२६ मध्ये त्यांनाही उद्दिष्टं मिळाली. मात्र ही उद्दिष्टं एकूण उत्सर्जनाची नाहीत, एक टन मालामागच्या उत्सर्जनाची आहेत. टनामागे कमी करा आणि माल दुप्पट काढा, तरी तुम्ही नियमात बसता आणि हवेत मात्र भर पडते. आपला देश अजून वाढतोय, घरं-रस्ते व्हायचेत, तेव्हा सुरुवात अशी करणं मला पटतं. पण एकूण मर्यादा कोणत्या वर्षी येणार हे आजच जाहीर व्हायला हवं, कारण आज बसवलेली भट्टी पंचवीस वर्षं चालते. आणि कोळशावरची वीजकेंद्रं, म्हणजे देशातला सगळ्यात मोठा धूर, या उद्दिष्टांच्या बाहेर आहेत. हे मला अजिबात पटत नाही.

काळजीचं आणखी एक कारण आहे. याआधीची ‘पॅट’ योजना २०१२ पासून चालू होती: कारखान्याला ऊर्जा वाचवायचं उद्दिष्ट, आणि त्याहून जास्त वाचवली तर विकता येणारी प्रमाणपत्रं. पहिल्या फेरीत ४७८ कारखाने होते, आणि त्यांनी उद्दिष्टापेक्षा जास्त ऊर्जा वाचवली. ऐकायला छान वाटतं, पण अर्थ असा की उद्दिष्टंच सैल होती. प्रमाणपत्रं उदंड झाली आणि २०१७ मध्ये सौदे सुरू झाल्यावर घेणारे कमी पडले. माझ्या एका क्लायंटने खरी मेहनत करून कमावलेली प्रमाणपत्रं नुसती पडून राहिली. पुढच्या वेळी तो मालक मला म्हणाला, ‘साहेब, आता फक्त लागतं तेवढंच करू.’ सैल उद्दिष्टांनी मेहनती माणसाला दिलेली ही शिक्षा आहे, आणि नव्या बाजारात ती पुन्हा होऊ नये म्हणून किमान किंमत ठरवायलाच हवी.

‘मग सरळ कर लावा’ असं आमचे काका म्हणतात. तोही आपण लावून पाहिलाय. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर आला, २०१६ पर्यंत तो ४०० झाला. पैसे स्वच्छ ऊर्जेसाठी होते. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेच पैसे राज्यांच्या भरपाईकडे वळले. कर चांगला होता, सोपा होता, चुकवायला कठीण होता. त्याचा पैसा कुठे जातो याचा भरवसा राहिला नाही. फ्रान्समध्ये २०१८ मध्ये इंधनकराविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. कॅनडाने तर कराचे पैसे घरोघरी परत दिले, तरी एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सरकारला ग्राहकांवरचा तो कर काढावा लागला. बाजार असो की कर, शेवटी सिलिंडर आणि वीजबिल भरणाऱ्या घराचा विचार आधी केला नाही तर कोणतीच योजना टिकत नाही.

तुम्ही विचाराल, मग हे सगळं आत्ताच का? एक कारण जानेवारी २०२६ पासून लागू झालेला युरोपचा सीमेवरचा कार्बन आकार. तिथे आयात होणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांवर तो लागतो. आपल्याकडे कार्बनची किंमत भरलेली असेल तर ती तिथे वजा मिळू शकते. म्हणजे पैसा द्यायचाच आहे, तर तो ब्रसेल्सला जाण्यापेक्षा इथे राहिलेला बरा.

आता तुमच्या भावाचं. त्यांची कंपनी कॉस्टिक सोडा-क्लोरिन बनवत असेल, रणोलीच्या बाजूला आहे तसा मोठा कारखाना असेल, तर ती थेट या योजनेत येऊ शकते. एक टन कॉस्टिकला दोन हजार युनिटांहून जास्त वीज लागते, आणि विकत घेतलेल्या विजेमागचं उत्सर्जनही त्यांच्याच नावावर धरलं जातं. उद्दिष्ट पुरं झालं नाही आणि क्रेडिटही घेतली नाहीत तर बाजारभावाच्या दुप्पट भरपाई आहे. रंग, औषधं किंवा इंटरमीडिएट (त्यांना लागणारी मधली रसायनं) बनवणारी कंपनी असेल तर आज तिच्यावर थेट उद्दिष्ट नाही, पण मोठे ग्राहक टनामागचा कार्बन विचारू लागलेत. दोन्ही बाबतींत भावाला सांगा की बॉयलरला स्टीम मीटर आणि गॅस मीटर वेगवेगळे लावून घ्या, प्रत्येक प्लांटचा विजेचा सबमीटर ठेवा, आणि रोजचं रीडिंग शिफ्टच्या माणसाने जागेवर लिहायचं, महिनाअखेरीस ऑफिसात बसून नाही. मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट फाइलला लावा. व्हेरिफायर, म्हणजे आकडे तपासणारा, आला की सगळ्यात आधी तेच मागतो.